लाल दोऱ्याचं गाडगं

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या. सकाळी लवकर कोण उठतं याची फुशारकी तिथं कुणाला मारता यायची नाही, कारण कोंबडे सगळ्यांना एकदमच उठवायचे. अशा गावात मानपान कोंबड्यांवरून ठरावा, यात नवल ते काय?

त्या गावाची एक रीत होती. दिवाळी सरून थंडी पडायला लागली की खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवायच्या, पण प्रत्येकीनं आपल्याच घरची अंडी ठेवायची नाहीत. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आदितवारी सगळ्या बायका आपापली अंडी घेऊन पाटलीणबाईंच्या अंगणात जमायच्या. पाटलीणबाई घंगाळातल्या पाण्यात अंडी सोडून बघायच्या, टरफलावर नखानं टिचकी मारायच्या, एखादं थाळीत फोडून आतला बलक बघायच्या. ज्या घरची अंडी उजवी ठरतील, त्याच घरची अंडी गावभर उबवायला जायची. त्या घराला म्हणायचं बीजघर. मिळायचं काय, तर एक नारळ आणि एक हिरवा खण. पण त्या खणाची चोळी घालून पाणवठ्यावर जाणारीची चालच निराळी असायची.

या गावात बायजा नावाची बाई होती. तिच्या सासूनं हा मान वर्षानुवर्षं मिळवला होता. सासू गेल्यावर बायजानंही चार वर्षं मिळवला. बायजाकडं चार हिरव्या चोळ्या होत्या आणि त्या ती पाळीपाळीनं घालायची, म्हणजे कुणाला विसर पडायला नको.

मग शेजारच्या रिकाम्या घरात हौसाक्का राहायला आली. नवरा वारल्यावर माहेरच्या गावी परतलेली, एकटी, चार बुकं नाही शिकलेली, पण डोंगरातला पाला तिला घरच्या माणसासारखा ओळखीचा. येताना तिनं आणलं ते एक गाठोडं आणि सहा कोंबड्या. कोंबडा काही तिच्याकडं नव्हता. पहिल्या वर्षी बायजानं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी पाटलीणबाईंनी हौसाक्काचं अंडं थाळीत फोडलं, आणि केशरी बलक असा टच्च उभा राहिला की बायका पुढं सरकून बघायला लागल्या. नारळ हौसाक्काला गेला. तिसऱ्या वर्षीही तिलाच गेला.

तेव्हापासून बायजाच्या पोटात दुखायला लागलं, ते ओव्यानं थांबण्यातलं नव्हतं.

दोन्ही घरांच्या मध्ये निरगुडीचं कुंपण होतं. बायजा भाकरी थापता थापता उठायची आणि निरगुडीतून डोकवायची. हौसाक्काच्या कोंबड्यांचे तुरे जास्वंदीसारखे लाल. पावसाळ्यात सगळ्या गावाच्या कोंबड्या मान पाडून बसल्या, तेव्हाही तिच्या उकिरडा उकरत होत्या. आणि सगळ्यांत जिव्हारी लागायचं ते म्हणजे बायजाचा कोंबडासुद्धा कुंपण ओलांडून तिकडंच पडीक असायचा. हा कोंबडा म्हणजे एक ध्यान होतं. जन्मापासून त्याच्या मानेवर पीस नव्हतं, नुसती लाल उघडी मान. गावातली पोरं त्याला हसायची. बायजाला त्याची लाज वाटायची, पण तो शेजारी जाऊन बसला की लाज बाजूला राहायची आणि राग यायचा.

"फितूर मेला," ती म्हणायची आणि त्याच्यावर झाडूची काडी फेकायची.

तिचा नवरा केरबा शांत माणूस होता. तो म्हणाला, "अगं, एवढं जळफळण्यापरीस तिलाच इचार की ती काय घालती ते."

बायजानं तेही केलं. पदर सावरत, जणू सहज आल्यासारखी, ती कुंपणापाशी गेली. "हौसाक्का, काय गं घालतीस कोंबड्यांना?"

हौसाक्का सूप पाखडत होती. तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. "शेवग्याचा पाला सावलीत वाळवायचा, उन्हात न्हाई. त्याची पूड. त्यात जरा मेथी, जरा हळद, चिमूटभर ओवा. शिळ्या भरड्यात कालवून सकाळी द्यायचं. टरफलं ठिसूळ झाली तर नदीतल्या शिंपल्या कुटून टाकायच्या. पावसाळ्यात लसणाची एखादी पाकळी. बास."

"बास?"

"बास की. आणि जास्त न्हाई घालायचं बघ. कोंबडीचं पोट केवढं असतंय? चिमटीनं द्यायचं, मुठीनं न्हाई."

बायजा घरी आली ती तोंड वाकडं करूनच. "खोटं बोलती," ती केरब्याला म्हणाली. "शेवगा काय, मेथी काय, कुणाच्या घरात न्हाई? एवढं सरळ असतं तर आख्खा गाव बीजघर झाला असता. खरं औषध तिनं चोरून ठेवलंय."

"पण तू करून तर बघ."

"मी काय खुळी हाय?"

आता बघा, एखादीनं आपल्या हातानं ताट वाढून पुढं ठेवावं आणि जेवणारीनं ताटाखाली काय लपवलंय ते शोधत उपाशी राहावं, तशातली गत. बायजानं शेवग्याचं पान तोडलं नाही. तिनं पहारा मात्र वाढवला. हौसाक्का कोंबडीला मांडीवर घेऊन तिचं पोट चाचपते, हे तिनं पाहिलं. चुलीतली राख खड्ड्यात टाकून त्यात कोंबड्यांना लोळू देते, हेही पाहिलं. प्रत्येक गोष्ट पाहून ती म्हणायची, यात काहीतरी आहे. आणि त्यातली एकही गोष्ट स्वतः करायची नाही.

दिवाळीच्या आधी एकदा हौसाक्काच कुंपणापाशी आली. "बायजे, एक बोलू का? तुझ्या कोंबड्यांचं तुरं फिकं पडल्यात. भिंगरीचं तर बघवत न्हाई. पोटात जंत झालं असतील."

भिंगरी म्हणजे बायजाच्या सासूच्या कोंबड्यांतली शेवटची. ठिपक्याठिपक्यांची, सारखी गोल फिरणारी. सासूनं जाताना बायजाचा हात धरून सांगितलं होतं, ही जात राख. बायजा तिला जवारीचे दाणे स्वतःच्या तळहातावर खायला द्यायची. त्या भिंगरीबद्दल या बाईनं बोलावं म्हटल्यावर बायजाच्या अंगाची लाही लाही झाली.

"माझ्या कोंबड्यांना नजर लावू नगंस," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

हौसाक्का घरात गेली. घरात जाऊन तिनं काय केलं, ते बायजाला दिसलं नाही. निरगुडीतून अंगण दिसायचं, माजघर नाही.

दिवाळी झाली. आदितवारला नऊ दिवस उरले. त्या दिवशी सकाळी हौसाक्का कोयता आणि पाटी घेऊन डोंगरात गेली, दुपारपर्यंत परतणार नव्हती. बायजानं तिला वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. मग तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि शेजारच्या दाराची कडी काढली.

फळीवर चार गाडगी होती. तीन लहान, उघडीच. पहिल्यात हिरवी पूड, शेवग्याची. दुसऱ्यात मेथी. तिसऱ्यात हळद आणि ओवा. म्हणजे हौसाक्कानं सांगितलं तेच. पण चौथं गाडगं मोठं होतं, त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं आणि त्या फडक्यावर लाल दोऱ्याच्या सात गाठी. हेच ते. कुणाला दिसू नये म्हणून तर एवढं बांधून ठेवलंय.

तिनं गाठी सोडल्या. आत करड्या रंगाची पूड होती, उग्र वासाची, कडू. तिनं ती सगळी ओच्यात घेतली, चुलीतली राख गाडग्यात भरली, फडकं बांधलं आणि मोजून सात गाठी मारल्या. घरी आल्यावर तिनं केरब्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं भरड्यात ती पूड कालवायला सुरुवात केली. चिमटीनं नाही, मुठीनं. आता गंमत अशी झाली की तिसऱ्या दिवशी कोंबड्यांचे तुरे खरोखरच लालसर दिसायला लागले. भिंगरी दोन गिरक्या जास्तच मारायला लागली. बायजाला हसू आवरेना. "बघितलंस?" ती कोंबड्याला म्हणाली, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती. "आता जा की शेजारी." आणि तिनं मुठीच्या दोन मुठी केल्या.

पाचव्या दिवशी कोंबड्या भरड्यापासून लांब उभ्या राहिल्या. बायजानं त्यात गूळ घालून तो त्यांच्या चोचीपुढं धरला. सहाव्या दिवशी खुराड्यात पिसांचा सडा पडला आणि अंडी मिळाली दोन. सातव्या दिवशी एक, तेही पातळ कवचाचं, हातात घेताच दबलं. बायजा घाबरली, पण थांबली नाही. मोठं औषध आहे, आधी तब्येत उतरेल, मग चढेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

आठव्या दिवशी हौसाक्का कुंपणापाशी आली. तिच्या हातात ते मोठं गाडगं होतं.

"बायजे, एक नवल झालं बघ. ह्यात मी औषध मुरत ठेवलं होतं दिवाळीच्या आधीपासून. आज उघडलं तर आत राख. कुणी आलं होतं का गं माझ्या दारात?"

सांगायची वेळ होती ती हीच. बायजाच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण उद्याचा दिवस आदितवार होता, आणि या बाईपुढं मान खाली घालायची म्हणजे मरणच.

"मला काय ठाव," ती म्हणाली. "मी काय तुझं दार राखत बसते?"

हौसाक्कानं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग गाडगं उचलून ती परत गेली.

आदितवारी बायजा साठवलेली अंडी टोपलीत घालून पाटलीणबाईंच्या अंगणात गेली. चौथी हिरवी चोळी तिनं मुद्दाम घातली होती. पाटलीणबाईंनी तिची अंडी घंगाळात सोडली. दोन तळाशी गेली, बाकीची वर येऊन डोलायला लागली. पाटलीणबाईंनी तळातलं एक उचलून थाळीत फोडलं. बलक पाण्यासारखा पसरला, आणि त्याचा असा उग्र वास सुटला की पुढं वाकलेल्या बायका मागं सरल्या.

"बायजे, कोंबड्यांना काय खायला घातलंस गं?" पाटलीणबाईंनी विचारलं.

बायजानं घंगाळातली अंडी गोळा केली. टोपली उचलून ती वाटेला लागली. मागं हौसाक्काच्या नावाचा गलका झाला, तो तिनं ऐकला आणि पाय उचलून चालायला लागली. नारळ गेला, खण गेला. घरी जाऊन दार लावून बसायचं एवढंच तिच्या मनात होतं.

पण दारात केरबा उभा होता. त्याच्या पायाशी काळी कोंबडी पाय ताठ करून पडली होती. "ही गेली," तो म्हणाला. "आणि भिंगरी मान टाकायला लागली."

बायजा खुराड्यापाशी धावली. भिंगरी कोपऱ्यात कलंडली होती, डोळ्यांवर साय आल्यासारखी झाली होती. तळहातावर दाणे धरले तर तिनं चोचही उघडली नाही. बायजानं तिला उचलून घेतलं. एवढीशी हलकी लागली ती. ही जात राख, असं हात धरून सांगितलं होतं कुणीतरी.

काय दिलं ते बायजाला माहीत नव्हतं. उतारा काय, तेही माहीत नव्हतं. हे माहीत असणारं माणूस गावात एकच होतं, आणि त्या माणसाच्या अंगणात या वेळी आख्खा गाव गोळा झाला होता. शेजारून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. टोपल्या घेऊन त्या बीजघराची अंडी न्यायला आल्या होत्या.

बायजा कुंपणापाशी घुटमळली. एक पाऊल पुढं टाकी, एक मागं घेई. सगळ्या गेल्यावर जाऊ, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात भिंगरीनं पदराआड एकदा पाय झाडले, आणि बायजानं पुढचा विचार केलाच नाही. ती निरगुडीतून आरपार घुसली. चोळीची बाही फांदीला अडकून फाटली, तिला कळलंही नाही.

अंगणातल्या बायका वाट सोडून बाजूला झाल्या.

"हौसाक्का," बायजा म्हणाली, "तुझं औषध मी चोरलं. राख मीच भरली. आठ दिवस मुठीनं घातलं. काळी मेली. हिला वाचव."

बायकांत कुजबुज उठली. पाटलीणबाईंनी कपाळाला हात लावला. हौसाक्का मात्र आधी भिंगरीकडं वळली. तिनं तिचं पोट चाचपलं, पापणी उचलून पाहिली आणि आत जाऊन ताकाचं भांडं घेऊन आली. थेंब थेंब ताक भिंगरीच्या चोचीत सोडत ती म्हणाली, "बाकीच्यांना नुसतं ताक-पाणी दे आणि ताकात भिजवलेला कोंडा. आता पाला न्हाई, पूड न्हाई, काही न्हाई. पोट निवू दे."

"जगंल?"

"बघू. रातभर माझ्याकडं ठेव."

बायजा तिथंच खाली बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कसलं औषध होतं गं ते?"

"जंताचं. वावडिंग, पळसपापडी, कडुनिंबाची साल. तीन दिवस, चिमूट चिमूट, मग बंद. चुकून कुणाच्या हाती लागून जास्त पडू नये म्हणून तर गाठी मारून ठेवलं होतं."

"पण तुझ्या कोंबड्यांना जंत कुठं होते?"

हौसाक्कानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. "माझ्या कोंबड्यांसाठी न्हवतंच ते. तुझ्यासाठी केलं होतं. बोललं की तुला राग येतो, म्हटलं तयार करून हातातच द्यावं."

आता बायजाला रडू कोसळलं. चोरी पकडली गेली असती तरी ती इतकी रडली नसती. अंगणातल्या बायका एकेक करून आपापल्या वाट्याची अंडी घेऊन निघून गेल्या.

भिंगरी जगली. महिनाभर तिनं अंडं घातलं नाही, पण पंधरा दिवसांनी एक गिरकी मारली. ती बघायला केरब्यानं शेजारणीला हाक मारून बोलावलं.

एकवीस दिवस झाले. गावभर अंडी फुटली आणि पिल्लं बाहेर आली. सकाळीच पाटलीणबाई हसत हसत बायजाच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या टोपलीत सात पिल्लं होती, आणि त्यांतल्या चारांच्या माना उघड्या, लाल लाल.

"बायजे, ओळख बघू, कुणाची लेकरं?"

बायजानं टोपलीत पाहिलं आणि मग मान वळवून कुंपणाकडं पाहिलं. तिकडं तिचा तो फितूर, गावभराच्या हसण्याचा धनी, हौसाक्काच्या कोंबड्यांत ऐटीत उभा होता. हौसाक्काकडं कोंबडा नव्हताच, हे बायजाला तीन वर्षं ठाऊक होतं. पण शेजारणीकडं काय काय आहे हे मोजण्यात ती इतकी गुंतली होती, की तिच्याकडं काय नाही आणि ते कुठून जातं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"दर साली अशीच निघत्यात थोडी," पाटलीणबाई म्हणाल्या. "आमाला वाटायचं, तुला ठाव असंल."

त्याच दिवशी हौसाक्कानं मानाचा नारळ फोडला. इतके दिवस तो तिनं तसाच ठेवला होता. त्याची एक कवड तिनं कुंपणावरून पुढं केली. "तुझ्या कोंबड्याचा वाटा," ती म्हणाली. "पिल्लं निघाल्याबिगार वाटणी कशी करायची, म्हणून थांबले होते."

बायजाचा मत्सर त्या दिवशी गेला का? छे, एवढ्या सहजासहजी तो कुणाचा जात नाही. पुढं हौसाक्काची लाल तुऱ्याची कोंबडी अंगणात दिसली की बायजाच्या पोटात अजूनही बारीकशी कळ यायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेवग्याचा पाला तोडला, सावलीत वाळत घातला, आणि चार दिवसांनी त्याची पूड घेऊन कुंपणापाशी उभी राहिली. आता डोकवायला नाही, हाक मारायला.

"हौसाक्का, किती घालू?"

"चिमूटभर."

बायजानं भरड्यात चिमूटभर पूड घातली. हात पुन्हा वाटीकडं गेला होता, तो तिनं मागं घेतला आणि पदराला पुसला.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: शेजाऱ्याच्या घरात काय आहे याकडंच जो डोळे लावून बसतो, त्याला त्या घरातून आपल्यासाठी येत असलेलं दिसत नाही, आणि आपण तिथं काय देऊन बसलोय तेही दिसत नाही.